चार घरं आत

माझी नात बदलापूरला घरी बसून कंपनीचं काम करते. मी तिच्या मागे खाटेवर बसून भाजी निवडते. परवा बघत होते. ती एंटर दाबत होती आणि पडद्यावरची पुढची ओळ आपली आपण चार घरं आत सरकून उभी राहत होती. कोणी ढकललं नाही, कोणी बोलावलं नाही.

मी विचारलं, "हे कोण करतं गं?"

"कोणी नाही आजी. ते होतंच."

होतंच म्हणे. ह्या होतंचवरून एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली, आणि ते सगळं मी हातात केरसुणी घेऊन बघितलं आहे. त्या माणसाचं नाव खोपकर मास्तर.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये टेकचंद शेठचा जीन्स शिवायचा कारखाना होता. खाली कारखाना, वर कॉम्प्युटर क्लास. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. तेव्हा ज्याच्याकडे वरचा मजला रिकामा असे तो क्लास काढत असे. मी त्या क्लासमध्ये झाडायला, पाणी भरायला आणि चहा करायला होते. अंबरनाथहून शेअर रिक्षाने यायचे, सकाळी साडेसातला कुलूप उघडायचे. सहा कॉम्प्युटर, एक छापायचं मशीन, एक एसी. एसी माणसांसाठी नव्हता, कॉम्प्युटरसाठी होता. शेठने मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "बाई, तुमको गरमी लगी तो बाहर बैठो. इसको गरमी नहीं लगनी मंगता."

मास्तर मूळचे टायपिंगवाले. अंबरनाथला त्यांचा टायपिंगचा क्लास होता, पंचवीस वर्षं चालवला. मग पोरं यायची थांबली. मास्तरांनी दोन टाइपरायटर सोडून सगळे विकले आणि त्या पैशांत पन्नाशीला आल्यावर स्वतः कॉम्प्युटर शिकले. वर्गात त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान पोरं होती, ती त्यांना 'काका' म्हणायची. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि पहिला नंबर काढला. म्हणजे माणूस चिवट होता. सुका, उंच, पांढरा शर्ट, केसांचा भांग असा सरळ की दोरी धरून पाडल्यासारखा. मला ते 'हिराबाई' म्हणत आणि अहो-जाहो करत. शेठ सोडून सगळ्यांना अहो-जाहो करत. शेठला ते काहीच म्हणत नसत. सरळ बोलायला सुरुवात करत.

आता मी चौथी शिकलेली. प्रोग्राम म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. पण मास्तर जे पोरांना शिकवायचे ते फरशी पुसताना कानावर पडायचं. सी नावाची एक भाषा होती. तिच्यात महिरपी कंस येतात, मिशीसारखे. मास्तर सांगायचे, "कंस उघडला म्हणजे घराचं दार उघडलं. आत शिरलात. आता जे काही लिहाल ते घराच्या आत, म्हणून ओळ चार घरं आत. त्या घरात आणखी खोली असली तर आणखी चार. आणि बाहेर पडताना दार लावायचं. ज्या खांबाला उघडलं त्याच खांबाला."

ही चार घरं म्हणजे चार वेळा बटणांच्या खालची ती लांब पट्टी दाबायची. उजव्या हाताच्या अंगठ्याने. डाव्या नाही, बोटाने नाही. टायपिंगमध्ये तसा नियम आहे म्हणे. मास्तर वर्गात फिरत मोजायचे, "एक, दोन, तीन, चार," आणि सहा अंगठे एकदम पडायचे. खालच्या कारखान्यातले कारागीर वर बघायचे. एकाने मला विचारलं होतं, "मावशी, वर नाचाचा क्लास पण आहे काय?"

पोरांनी बोटांकडे बघायचं नाही, हाही टायपिंगचाच नियम. त्यासाठी मास्तरांनी खालून जीन्सच्या कापडाचे सहा झबले शिवून घेतले होते. ते बटणांच्या पाटीवर घालायचे, पोरांनी खालून हात घालायचे. पोरं निळ्या कापडाखाली हात खुपसून बसायची. नवीन माणूस दारातून बघून घाबरायचा. पडद्याकडेही बघायचं नाही. समोर स्टँडला कागद लावलेला, त्यावर आधी हाताने लिहिलेला प्रोग्राम. "नजर कागदावर," मास्तर म्हणायचे. "बोटांना त्यांचं काम कळतं. तुम्ही मध्ये तोंड घालू नका."

टायपिंगवाल्यांची आणखी एक सवय त्यांनी पोरांना लावली होती. टाइपरायटरची ओळ संपत आली की घंटी वाजते. कॉम्प्युटरलाही जागा संपली की पिप् असा आवाज येतो. आवाज आला की विचार करायचा नाही, एंटर दाबून खाली यायचं. पोरं ते इतकं शिकली होती की खाली रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी एखाद्याचं बोट एंटरवर पडायचं.

मास्तरांचा ओळंबा मी कधी विसरणार नाही. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो तो. मास्तरांनी खालून नारिंगी दोरा आणला, जीन्सला शिवतात तो जाड, आणि त्याला जीन्सचं पितळी बटण बांधलं. पोराचा प्रोग्राम झाला की पडद्यासमोर उभे राहून वरच्या कंसापाशी दोऱ्याचं टोक धरायचे आणि बटण खाली सोडायचे. बटण खालच्या कंसावर आलं तर पास. इकडे तिकडे पडलं तर म्हणायचे, "वाकडं." चूक हा शब्द ते वापरत नसत. कधी कधी टेबलच तिरकं असायचं. ते टेबलाखाली पुठ्ठा सरकवायचे, पण दोऱ्याला दोष द्यायचे नाहीत.

हे फक्त कॉम्प्युटरचं असतं तर ठीक होतं. दाराबाहेरच्या चपलासुद्धा ते तशाच लावायला लावत. वेळेवर आलेल्यांच्या चपला भिंतीला लागून, उशिरा आलेल्यांच्या चार बोटं पुढे. मी झाडताना चपला उचलायचे आणि मग कोणाच्या कुठे होत्या ते लक्षात राहायचं नाही. एकदा वेळेवर आलेल्या सविता नावाच्या पोरीला त्यामुळे उगाच बोलणी बसली. मी गप्प राहिले.

माझ्या मोठ्या मुलाचं लग्न आमच्या गावी, जांभूळला झालं. मास्तर आले. मला वाटलं आहेर देऊन जेवून जातील. ते पंगतीत बसलेच नाहीत. पंगत वाकडी होती. त्यांनी म्हाताऱ्यांची एक रांग सरळ केली, मग घरच्यांची तिच्या आत, मग पोरांची तिच्या आत. वाढपी भात घेऊन उभे. माझा दीर मला म्हणाला, "वयनी, हा कोण? तहसीलदार काय?"

मी म्हटलं, "आमच्या ऑफिसातले आहेत."

"मग ऑफिसात ठेवायचा ना. भात थंड झाला."

भात थंड झाला हे खरं. पण त्या पंगतीचा फोटो आजही चांगला दिसतो, हेही खरं.

आणि अर्जाचं सांगते. आमच्या चाळीत नळ हवा होता. नगरपालिकेत अर्ज द्यायचा होता. मी मास्तरांना म्हटलं, तुमच्याकडे टाइपरायटर आहे, चार ओळी मारून द्या. त्यांनी मारल्या. मग कागद उजेडात धरला आणि फाडला. डावा समास अर्ध्या बोटाने कमी होता. दुसरा फाडला, त्यात 'आपली विश्वासू' जिथे यायला पाहिजे तिथे आलं नव्हतं. चौथा कागद त्यांनी मला दिला तेव्हा पाच वाजून गेले होते आणि नगरपालिका बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी गेले. कारकुनाने अर्ज बघितला, शेजारच्याला दाखवला, साहेबाला दाखवला. म्हणाला, "बाई, इतका सुंदर अर्ज आजवर आला नाही." तो त्यांनी नमुना म्हणून भिंतीवर लावला. नळ आला नाही.

मी ओळी बघायला शिकले ती कचऱ्यामुळे. छापून बिघडलेले कागद माझ्याकडे यायचे, मी ते चुलीला न्यायचे. बघून बघून मला त्यांचं रूप कळायला लागलं. चांगल्या कागदावर ओळी पायऱ्या उतरल्यासारख्या आत जातात आणि तशाच परत येतात. वाईट कागदावर आत गेल्या त्या गेल्या. एकदा सविताच्या मागे उभी राहून मी म्हणाले, "पोरी, तुझी शेवटची पायरी परत आली नाही." मला वाचता येत नव्हतं त्यात काय लिहिलं होतं. सविताने बघितलं तर खरंच एक कंस राहिला होता. मास्तरांनी ते ऐकलं आणि सगळ्या वर्गाला सांगितलं, "चौथी शिकलेल्या बाईंना दिसतं, तुम्हाला दिसत नाही." मला ते आवडलं नाही. माझी चौथी मी वर्गात वाटायला आणली नव्हती. त्या दिवशी मी त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. ते प्यायले. त्यांना कळलं नाही.

मग शेठने ते नवीन आणलं.

शेठचा साडूचा मुलगा मुंबईला होता, त्याने चार फ्लॉपी दिल्या. त्यात लिहायचा नवीन एडिटर होता. एडिटर म्हणजे ज्याच्यात प्रोग्राम टाइप करतात तो. शेठने मास्तरांना बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभा राहून दाखवलं. शेठला इंग्रजी बेताचं, पण नवी वस्तू दाखवायची त्याला हौस फार.

"देखो मास्तर साईं. कंस खोला. अब एंटर."

मास्तरांनी एंटर दाबलं. लिहायची जागा दाखवणारी काठी चार घरं आत जाऊन उभी राहिली. टिमटिम करत.

मास्तरांनी पडद्याजवळ वाकून बघितलं. मग म्हणाले, "हे कोणी केलं?"

"आपोआप साईं. आटोमॅटिक. कंस बंद करा, आपोआप बाहेर येतो. तुमचा तो एक-दोन-तीन-चार बंद. पोराचा टाइम वाचला, टाइम वाचला तर एक बॅच जास्ती."

"आणि पोरांनी काय शिकायचं?"

"कॉम्प्युटर शिकायचा, दुसरा काय."

"उद्या तुमच्या घरी कोणी आपोआप जेवायला लागलं तर तुम्ही चावायचं सोडाल काय?"

शेठ माझ्याकडे वळला. "बाई, मास्तरला चाय दे. डोका गरम झाला."

तिथून पुढे दोन महिने त्या क्लासमध्ये जे चाललं ते फक्त मला ठाऊक होतं. ही आपोआप आत जायची सोय बंद करता येत होती. ते कुठून करायचं हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी शोधून काढलं. सकाळी पावणेआठला यायचे, सहाही मशीनपाशी बसून सोय बंद करायचे. कॉम्प्युटरला रांगेने फूल वाहिल्यासारखं. पोरं आली की झबले, अंगठे, एक-दोन-तीन-चार. संध्याकाळी क्लास सुटला की शेठ वर यायचा आणि सहाही मशीनवर ती सोय परत चालू करायचा. दुसऱ्या दिवशी मास्तर बंद. दोघं एकमेकांना एक शब्द बोलले नाहीत. शेठला वाटायचं, मशीन रात्रीत विसरतं म्हणून आपल्याला रोज करावं लागतं. मास्तरांना वाटायचं, शेठ हट्टी आहे. मास्तरांचं बरोबर होतं.

शेठने पाटीही रंगवून घेतली. 'ऑटोमॅटिक कॉम्प्युटर क्लास'. त्यानंतर दोन माणसं शिलाईचं ऑटोमॅटिक मशीन बघायला आली, आणि कॅम्प पाचचा एक रिक्षावाला आपल्या मेव्हण्याला घेऊन आला की ह्याला गाडी शिकवा.

परीक्षेला महिना राहिला तेव्हा शेठ वर आला आणि पहिल्यांदा गंभीर होऊन बोलला. सर्टिफिकेट देणारी जी मंडळी होती त्यांचा परीक्षक येणार होता. मागच्या वेळी निम्मी पोरं नापास झाली होती, कारण मास्तर चार महिन्यांतले दोन महिने समासावर घालवायचे. ह्या वेळी तसं झालं तर परीक्षेचं केंद्र जाणार. केंद्र गेलं तर क्लास गेला. शेठ म्हणाला, "क्लास गेला तर मी वर दहा शिलाई मशीन टाकतो. माझा काय जातो. तुमचा जातो. साईं, मी खोटा नाही बोलत."

तो खोटं बोलत नव्हता. मास्तर त्रेपन्न वर्षांचे. टायपिंग संपलेलं. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या क्लासात त्या वयाच्या माणसाला कोणी दारातही उभं करत नव्हतं, हे ते स्वतः चार ठिकाणी फिरून बघून आले होते. घरी बायको दम्याची. ते शेठला एवढंच म्हणाले, "पोरं पास होतील."

परीक्षेच्या दिवशी मास्तरांनी मला सातलाच कुलूप उघडायला लावलं. मशीन पुसली, सोय बंद केली, झबले घातले, स्टँड सरळ केले, आणि परीक्षकाला आणायला स्टेशनवर गेले. ते जिन्यावरून उतरले आणि दहा मिनिटांत शेठ आला. नवीन सफारी. त्याला परीक्षकावर छाप पाडायची होती. त्याने सहाही मशीनवर सोय चालू केली, सगळी पुसून ठेवलेली बटणं बोटांनी परत मळवली, आणि मला म्हणाला, "अब देखना बाई, साहब बोलेगा क्या चीज है."

मला कळलं होतं का काय होणार ते? अर्धं कळलं होतं. सांगायला हवं होतं का? हवं होतं. पण दोन महिने मी त्या दोघांच्या मध्ये पडले नव्हते, आणि चहाचं दूध वर आलं होतं.

परीक्षक आला. जाड चष्मा, पोट पुढे, तोंडात सुपारी. पोरं सहा. मास्तरांना आत यायला मनाई होती. ते आणि शेठ बाहेरच्या खोलीत बसले, मध्ये लाकडी फळी आणि वरच्या बाजूला काच. मी चहाच्या निमित्ताने आत-बाहेर.

पोरांनी आधी कागदावर प्रोग्राम लिहिला. कागद स्टँडला लावला, हात झबल्याखाली घातले आणि सुरुवात केली. नजर कागदावर. एंटर मारला की मशीन आपोआप चार घरं आत जायचं, आणि त्यावर पोरांचा अंगठा आणखी चार मारायचा. पुढच्या ओळीला मशीन आठवर उभं, पोरं आणखी चार. मग बारावर आणखी चार. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या पुढे. खोलीत खोली आली तिथे आठ-आठ. पडदा उजवीकडे सरकत चालला, लिहिलेलं सगळं त्याच्या बाहेर. वर कोणी बघेना, कारण वर बघायचं नाही असं शिकवलेलं. सहा अंगठे एका तालात पडत होते. असं सुंदर टायपिंग मी त्या क्लासमध्ये पुन्हा ऐकलं नाही.

मग जागा संपली आणि एक मशीन वाजलं, पिप्. पोराने न बघता एंटर मारला आणि परत चार घरं मोजली. मशीन परत पिप्. दुसरं मशीन पिप्. थोड्या वेळात सहाही मशीन ओरडत होती आणि सहाही पोरं शांतपणे एंटर मारत होती.

परीक्षक उठून पोरांच्या मागून फिरला. एक पडदा बघितला, दुसरा बघितला. चष्मा पुसला. बाहेर येऊन मास्तरांना म्हणाला, "मास्तर, तुमची मुलं हात तर जोरात चालवतायत. पण पडदे कोरे आहेत."

मास्तर काचेपाशी गेले. एकदा बघितलं. त्यांना लगेच कळलं. ते शेठकडे वळले. शेठ पंख्याकडे बघायला लागला. पंखा बंद होता.

मला वाटलं आता भांडण होणार. मास्तरांनी एवढंच विचारलं, "किती वेळ आहे?"

"पाऊण तास," परीक्षक म्हणाला. "पण तुम्ही आत जाऊ शकत नाही. एक शब्दही बोलायचा नाही. बोललात तर मी परीक्षा रद्द करीन."

"बोलणार नाही."

परीक्षक आत जाऊन बसला. मास्तर काचेसमोर उभे. सांगायचं एवढंच होतं की अंगठा आवरा, मशीनला करू द्या. दोन महिने रोज पावणेआठला येऊन ज्याच्याशी भांडले त्याच्याच हातात पोरं द्यायची. मी जवळ उभी होते म्हणून सांगते, त्यांनी फार वेळ घेतला नाही. शेठच्या खालच्या कारखान्यातली एक चिंधी माझ्या खांद्यावर होती, टेबल पुसायची. ती त्यांनी घेतली, स्वतःचा उजवा अंगठा तळव्यावर दुमडला आणि त्यावर चिंधी गच्च गुंडाळली. मला म्हणाले, "गाठ मारा." मी मारली. मग तो हात काचेवर धरून उभे राहिले.

पण पोरं वर बघतील तर ना. नजर कागदावर.

मग मी आत गेले. मला बोलायला कोणी मनाई केली नव्हती, पण मी बोलले नाही. माझ्या हातून स्टीलचा ट्रे पडला. सहा रिकामे पेले आणि एक ट्रे. मुद्दाम पाडला की पडला असं परीक्षकाने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सगळ्यांनी दचकून वर बघितलं.

आधी त्यांना पडदे दिसले. एकाच्या तोंडून "आयला" निघालं. मग काचेत मास्तर दिसले, हाताला चिंधी, जशी बोटं छाटल्यावर बांधतात. एका पोराला वाटलं सरांना लागलं, तो उठायला लागला. सविता बघत राहिली. मग तिने झबल्यातून हात बाहेर काढला, स्वतःचा अंगठा मुठीत घेतला आणि काचेकडे दाखवला. मास्तरांनी मान हलवली. अशी हलवली की चष्मा घसरला.

तिने सगळं पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. एंटर, आणि गप्प. ओळ आपोआप आत गेली. तिचं बघून बाकीच्यांनी केलं. ओळ सुरू होताना अंगठे मुठीत, झबले बाजूला, डोळे पडद्यावर. वेळ संपायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांचं झालं होतं. पाच पास झाले. सहावा बिचारा फारच आज्ञाधारक. त्याने शब्दांच्या मधलीसुद्धा जागा सोडली नाही. सगळा प्रोग्राम एका दमात लिहिला, दोन ओळींत चार वाक्यं. तो नापास झाला.

परीक्षक शेठला म्हणाला, "एडिटर छान आहे." शेठ एवढा फुगला की सफारीचं बटण तुटेल असं वाटलं. केंद्र राहिलं. क्लास राहिला. मास्तर चिंधी सोडत बसले होते, माझी गाठ सुटत नव्हती. शेठ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "देखा साईं? आटोमॅटिकने वाचवला."

मास्तर म्हणाले, "हो."

एवढंच. मी त्यांच्या तोंडून शेठला दिलेला तेवढा एकच हो ऐकला.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर आठला यायला लागले, पावणेआठला नाही. झबले त्यांनी खाली परत दिले, कारागिरांनी त्यांच्या पिशव्या केल्या. सोय चालू ती चालूच राहिली. शेठ संध्याकाळी सवयीने वर यायचा, मशीन बघायचा, सगळं जागेवर. त्याला करमेना. आठ दिवसांनी मला विचारतो, "बाई, मास्तरची तबियत ठीक आहे ना? भांडत नाही."

"तुम्ही भांडा मग," मी म्हटलं.

"कशावर भांडू? सगळा बरोबर आहे."

एकदा दुपारी, पोरं नसताना मी चहा घेऊन गेले. मास्तर एका मशीनसमोर बसले होते. ते एकेक ओळ लिहीत आणि एंटर मारत. ओळी आत चालल्या होत्या, आत, आणखी आत. परत एकही येत नव्हती. मला एवढं कळत होतं.

"तुमची पायरी परत येत नाही," मी म्हटलं.

"मुद्दाम. मी एकही दार लावलेलं नाही. बघा, तरी हा आत चाललाय."

"मग?"

"विचारत नाही."

"मशीन काय विचारणार?"

"पोरंही विचारत नव्हती, हिराबाई. पिप् पिप् ओरडत होतं आणि एकानेही वर बघितलं नाही."

मी पेला ठेवला. "तुम्ही बघू दिलं होतं कधी?"

 त्यांनी पेला उचलून एक घोट घेतला.

"चहात साखर कमी आहे," म्हणाले.

साखर बरोबर होती.

मी पुढे दीड वर्ष होते. मग गुडघे गेले, जिना चढवेना, नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी दुपारची झाडलोट करून निघाले. शेठने कारखान्यातली एक जीन्स दिली, मला, साडी नेसणाऱ्या बाईला. माझ्या मुलाला ती झाली नाही. मास्तरांचा निरोप घ्यायला मी वर्गाच्या दाराशी थांबले. नवीन बॅच होती. पुढच्या रांगेत एक बारकी मुलगी बसली होती, दोन वेण्या, आवाज भलताच खणखणीत. ती म्हणाली, "सर, पण ओळ आत नेलीच पाहिजे का? मी सगळ्या ओळी बाहेर ठेवून बघितल्या. प्रोग्राम तरीही चालतो."

 पूर्वीचे मास्तर असते तर काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. मी केरसुणी टेकवली आणि थांबले.

मास्तरांनी भिंतीजवळचं स्टूल ओढलं. इतक्या वर्षांत त्यांना वर्ग चालू असताना खाली बसलेलं मी बघितलं नव्हतं. ते तिच्या बाजूला बसले, तिच्या पडद्याकडे वाकले आणि म्हणाले, "चालतो. तुम्ही म्हणता ते खरं आहे. मग आपण का करतो?"

पुढे त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. खाली रिक्षावाला "अंबरनाथ, अंबरनाथ, एक सीट" ओरडत होता. दुपारची पुढची रिक्षा कधी भरेल त्याचा भरवसा नसतो, म्हणून मी उतरले.